वोल्श्तिन: वाफेचं इंजिन टाइमटेबलात ठेवणारं पोलिश गाव

जगातून वाफेची इंजिनं गेली असं आपण सहज म्हणतो, पण नक्की कुठून गेली ते बघायला हवं. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेली इंजिनं ढीगभर आहेत, टुरिस्टना फिरवून आणणाऱ्या गाड्याही बऱ्याच आहेत, आपल्याकडे दार्जिलिंग आहे, इंग्लंडमध्ये तर अशा कितीतरी लाईनी आहेत. पण सोमवारी सकाळी कामाला किंवा शाळेत निघालेल्या माणसाने नेहमीचं तिकीट काढून नेहमीच्या गाडीत बसावं, आणि त्या गाडीला पुढे कोळशाचं इंजिन असावं, हा प्रकार विसाव्या शतकाच्या शेवटी जवळपास सगळीकडे संपला होता आणि पोलंडमधल्या वोल्श्तिनमध्ये मात्र चालू होता. २०१४ ला तिथेही तो थांबला आणि २०१७ ला परत सुरू झाला. हा तीन वर्षांचा खंड अभ्यास करण्यासारखा आहे असं मला फार वाटतं, कारण ह्या गावाबद्दल जे लिहिलं जातं त्यात रेल्वेवरच्या प्रेमाबद्दल खूप असतं आणि हिशोबाबद्दल फार कमी. माझं म्हणणं असं की वोल्श्तिनची वाफ टिकली ती रोजच्या नोकरीधंद्याचा भाग राहिली म्हणून, आणि थांबली ती रोजच्या जादा खर्चाचा धनी कोण हे कधी कागदावर ठरलंच नव्हतं म्हणून.

आधी गाव समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वोल्श्तिन पोझनान शहराच्या नैऋत्येला, रेल्वेने साधारण ८० किलोमीटरवर आहे, वस्ती तेरा हजारांच्या आसपास. दोन तळ्यांच्या मधोमध वसलेलं, दोयत्सा नावाची छोटी नदी त्या तळ्यांमधून वाहते. हा सगळा भाग म्हणजे वियेल्कोपोल्स्का, पोलंडचा जुना गाभा, पण शेजारच्या सत्तांनी पोलंड आपसात वाटून घेतला त्यातल्या १७९३ च्या दुसऱ्या फाळणीत हा प्रशिया ह्या जर्मन राज्याकडे गेला, मधे नेपोलियनच्या काळात काही वर्षं वॉर्सा डची नावाच्या छोट्या पोलिश राज्यात होता, आणि १८१५ नंतर परत प्रशियाकडे, तो थेट पहिल्या महायुद्धापर्यंत. गावाचं जर्मन नाव वोलश्टाइन. कॅथलिक पोलिश, प्रोटेस्टंट जर्मन आणि ज्यू असे तीन समाज एका चौकाभोवती राहायचे. ज्यू कुटुंबं एकोणिसाव्या शतकातच मोठ्या शहरांकडे सरकत गेली, पहिल्या महायुद्धानंतर बरेच जर्मन गेले, उरलेले १९४५ ला गेले. आजचं गाव जवळजवळ पूर्ण पोलिश आहे, पण घरांची, स्टेशनची, शेडची बांधणी बघितली की प्रशियाचा हात लगेच ओळखू येतो.

ह्या गावात रेल्वेच्या आधी एक मोठी गोष्ट घडून गेली होती ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. रॉबर्ट कॉख १८७२ ते १८८० इथे जिल्हा डॉक्टर होता. दिवसा पेशंट, आणि उरलेल्या वेळात घरातच पडदा लावून केलेल्या कोपऱ्यात मायक्रोस्कोप, उंदीर आणि जनावरांच्या डोळ्यातल्या द्रवात वाढवलेले जंतू. अँथ्रॅक्सचा जंतू स्पोअरच्या, म्हणजे कवचातल्या झोपलेल्या, रूपात कसा टिकून राहतो आणि परत कसा जागा होतो हे त्याने इथे शोधलं आणि १८७६ मध्ये ब्रेस्लाऊला जाऊन प्राध्यापकांसमोर करून दाखवलं. एका विशिष्ट जंतूमुळे एक विशिष्ट रोग होतो हे पहिल्यांदा पक्कं झालं ते ह्या आडगावात. हाच कॉख पुढे कॉलऱ्यासाठी कलकत्त्याला आला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये जर्मन कमिशनबरोबर मुंबईतही येऊन गेला. वोल्श्तिनमध्ये त्याचं म्युझियम आहे. तो गाव सोडून गेला तेव्हा तिथे रेल्वे आलेली नव्हती, पहिली गाडी आली १८८६ मध्ये, झ्बाँशिनकडून.

प्रशियाने ह्या भागात रेल्वेचं जाळं फार दाट विणलं. बटाटा, धान्य, बीट, लाकूड हे सगळं बर्लिनच्या बाजाराकडे न्यायचं होतं आणि सरहद्दीकडे सैन्यही न्यायचं होतं, त्यामुळे दर तालुक्याच्या गावाला रूळ पोचले. आजही पोलंडचा रेल्वे नकाशा समोर ठेवला तर जुनी फाळणी कुठून गेली होती ते दिसतं, पश्चिमेला प्रशियाच्या बाजूला गच्च जाळं आणि पूर्वेला रशियाच्या बाजूला विरळ रेघा. वोल्श्तिनला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाच दिशांनी रूळ येऊन मिळाले: झ्बाँशिन, ग्रोजिस्कवरून पोझनान, लेश्नो, सुलेहूव आणि नोव्हा सूल. एवढ्या लहान गावाला पाच लाईनी म्हटल्यावर इंजिनं ठेवायला, वळवायला, त्यांना कोळसापाणी द्यायला जागा लागणारच, म्हणून १९०७ मध्ये गोल शेड बांधली गेली, समोर टर्नटेबल म्हणजे इंजिन वळवायची फिरती चकती, बाजूला पाण्याची टाकी, कोळशाचा ढीग आणि राख टाकायचा खड्डा. पुढे ती आठ इंजिनांची झाली. आज लोक जी बघायला जातात ती हीच शेड, त्याच जागी, त्याच कामाला.

१९१८ च्या शेवटी वियेल्कोपोल्स्कातल्या पोलिश लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला आणि जानेवारी १९१९ च्या पहिल्याच आठवड्यात वोल्श्तिन उठाववाल्यांच्या हातात आलं. व्हर्सायच्या तहाने ते पोलंडचं झालं, पण सरहद्द अगदी जवळून गेली. सुलेहूव आणि नोव्हा सूल जर्मनीतच राहिले, म्हणजे वोल्श्तिनच्या पाच लाईनींपैकी दोन आता परदेशात जाऊन संपत होत्या. जंक्शन म्हणून बांधलेलं गाव एका दिवसात अर्धं टर्मिनस झालं. शेजारच्या झ्बाँशिनचं तर आणखीच वेगळं, बर्लिन-वॉर्सा मेन लाईनवरचं ते मोठं स्टेशन पोलंडला गेल्यावर जर्मनांनी काही किलोमीटर अलीकडे शेतात नवीन सरहद्द स्टेशन आणि त्याच्यासाठी १९२० च्या दशकात अख्खं नवीन गाव उभं केलं, रेल्वे कामगारांची घरं, शाळा, चर्च सगळं नकाशावर आखून. ते आजचं झ्बाँशिनेक. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने हजारो पोलिश ज्यूंना एका रात्रीत हाकललं तेव्हा त्यातले कितीतरी ह्याच झ्बाँशिनला अडकून पडले, तबेल्यांत आणि गोदामांत राहिले. ह्या भागातल्या रेल्वेच्या गोष्टी सांगताना फक्त इंजिनांची नावं घ्यायची आणि हे वगळायचं, हे मला पटत नाही.

१९३९ ला जर्मन परत आले, भाग थेट जर्मनीला जोडला गेला, पोलिश कुटुंबांना घरातून काढलं. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य आलं. आणि मग सरहद्द ओडर नदीपर्यंत पश्चिमेला सरकली, त्यामुळे वोल्श्तिनच्या पाचही लाईनी परत एका देशात आल्या. शेडमध्येही हा इतिहास उभा असायचा. ती-२ म्हणजे जर्मनांनी युद्धासाठी घाईघाईने हजारोंनी बनवलेलं मालगाडीचं इंजिन, जर्मन गेले तरी ते पोलिश रेल्वेत अनेक वर्षं राबलं, त्याचीच ती-४२ ही भावंडं युद्धानंतर पोलंडमध्येच जुळवली गेली. नवीन देशाने स्वतःची डिझाईनं केली, त्यातलं वोल्श्तिनशी सगळ्यात जास्त जोडलं गेलेलं म्हणजे ओएल-४९. ख्शानूवच्या कारखान्यात १९५१ ते १९५४ मध्ये बनलेलं, पॅसेंजर गाड्यांचं, ताशी १०० किलोमीटरचं, मधे तीन जोड्या मोठी चाकं आणि पुढेमागे एकेक लहान जोडी. मागचा टेंडर, म्हणजे कोळसापाण्याचा डबा, २५ घनमीटर पाण्याचा. आपल्याकडच्या रेल्वेप्रेमींना हे माहीत असेल किंवा नसेल, पण भारताची ब्रॉडगेजवरची निमुळत्या नाकाची डब्ल्यूपी इंजिनं जी मेल-एक्सप्रेस ओढायची, त्यातली काही ह्याच ख्शानूवमधून बनून आलेली होती.

शेडमधलं सगळ्यात लाडकं इंजिन मात्र पीएम-३६ मालिकेतलं दुसरं, लोक त्याला सुंदर हेलेना म्हणतात. १९३७ चं. ह्या मालिकेची दोनच इंजिनं बनली, पहिलं गुळगुळीत आवरण घातलेलं होतं आणि त्याच वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक घेऊन आलं, ते युद्धात गेलं. दुसरं साध्या बांधणीचं होतं, ते राहिलं.

आता मुख्य प्रश्न. बाकी पोलंडमधून वाफ नव्वदीच्या सुरुवातीला गेली, मग वोल्श्तिनलाच का राहिली?

पोलंडमध्ये ती उशिरापर्यंत टिकली ह्याचं कारण साधं आहे, सिलेशियाचा दगडी कोळसा घरचा होता आणि तेल बाहेरून आणायला लागायचं. मेन लाईनींचं विद्युतीकरण होत गेलं आणि त्यातून मोकळी झालेली इंजिनं आडलाईनींवर सरकत गेली. वोल्श्तिनच्या पाचही लाईनींवर विजेची तार नव्हती, शेड चांगल्या अवस्थेत होती, टर्नटेबल चालू होतं, आणि मुख्य म्हणजे माणसं होती. वाफेचं इंजिन चालवायचं तर ड्रायव्हर-फायरमन तर लागतातच, पण रात्री आग सांभाळणारा, धुराच्या पेटीतली काजळी काढणारा, बॉयलर धुणारा, ट्यूब बदलणारा, बेअरिंग ओतून बसवणारा, अशी पूर्ण साखळी लागते. इतर ठिकाणी ही साखळी डिझेल आल्यावर दोन-तीन वर्षांत तुटली, वोल्श्तिनला तुटली नाही. सरकारी रेल्वेने, म्हणजे पीकेपीने, ही शेड जिवंत म्युझियम म्हणून चालू ठेवायचं ठरवलं. त्यावेळी पीकेपी एकच अवाढव्य संस्था होती, रूळ तिचे, इंजिनं तिची, गाड्या तिच्या, पगार तिचे. त्यामुळे वोल्श्तिनच्या वाफेचा जादा खर्च त्या मोठ्या खतावणीत कुठेतरी मुरून जायचा. माझ्या मते ह्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि तिच्याकडे लोक बघतच नाहीत.

१९९७ मध्ये हॉवर्ड जोन्स नावाच्या इंग्रज माणसाने एक योजना सुरू केली, वोल्श्तिन एक्सपिरियन्स. कल्पना धाडसी होती. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया कुठूनही या, पैसे भरा, आणि पोलिश ड्रायव्हर-फायरमनच्या देखरेखीखाली खरीखुरी पॅसेंजर गाडी चालवा, मागे खरे प्रवासी बसलेले, खरं टाइमटेबल, खरे सिग्नल. त्या फीमधून रेल्वेला वाफेच्या फेऱ्यांचा भार उचलायला मदत व्हायची. माणूस वोल्श्तिनला येऊन राहिला, त्याने ह्या कामात आयुष्य घातलं, आणि त्याच्याशिवाय ही शेड दोन हजारच्या पुढे इतकी वर्षं गेली असती असं मला अजिबात वाटत नाही. त्याच्या योजनेचं बळ कशात होतं बघा: गंमत म्हणून चालवायची इंजिनं इंग्लंडमध्ये ढिगाने होती, तिथला माणूस पोलंडच्या आडगावात थंडीत पहाटे चारला उठून कोळसा टाकायला यायचा तो फक्त एवढ्यासाठी की ही गाडी खरी आहे, उशीर झाला तर खरोखर कोणाची तरी पुढची गाडी चुकणार आहे. म्हणजे टाइमटेबल त्याच्या पैशावर अवलंबून आणि त्याचा पैसा टाइमटेबलवर अवलंबून, दोघांनी एकमेकांना धरून ठेवलेलं.

ह्याच्यात एक कच्चा दुवा होता. ही व्यवस्था रेल्वेच्या मर्जीवर आणि एका माणसाच्या चिकाटीवर उभी होती, कायमचा करार असा कोणावर बंधनकारक नव्हता.

मग रेल्वेचेच तुकडे झाले. २००१ मध्ये पीकेपीचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. रूळ एका कंपनीकडे, लोकल पॅसेंजर गाड्या दुसरीकडे, मालवाहतूक तिसरीकडे म्हणजे पीकेपी कार्गोकडे, आणि वोल्श्तिनची शेड व इंजिनं गेली ह्या मालवाहतूक कंपनीकडे. पुढे लोकल पॅसेंजर गाड्यांची जबाबदारी प्रांतांच्या सरकारांकडे गेली, आणि २०११ मध्ये वियेल्कोपोल्स्का प्रांताच्या स्वतःच्या रेल्वे कंपनीच्या गाड्या सुरू झाल्या, तिने पोझनान-वोल्श्तिन आणि वोल्श्तिन-लेश्नो सारख्या लाईनींवर डिझेल रेलबस, म्हणजे वेगळं इंजिन न लागणाऱ्या छोट्या गाड्या, चालवायला घेतल्या. आता चित्र काय झालं? इंजिन एकाचं, गाडी दुसऱ्याची, रूळ तिसऱ्याचे, पैसे देणारा चौथा. पूर्वी एकाच वहीत मुरणारा खर्च आता प्रत्येक फेरीला वेगळं बिल होऊन टेबलावर यायला लागला आणि ते बिल बघणाऱ्या प्रत्येकाला वाटायला लागलं की हे दुसऱ्याने द्यायला पाहिजे. ऑक्टोबर २०१३ मध्ये पीकेपी कार्गो वॉर्साच्या शेअर बाजारात आली. मालगाड्यांच्या कंपनीने, तीही शेअरहोल्डर असलेल्या, प्रांताच्या प्रवाशांसाठी कोळशाची इंजिनं का सांभाळायची हा प्रश्न कुठल्याही बैठकीत निघणारच, आणि तो विचारणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही.

३१ मार्च २०१४ ला नियमित वाफेच्या फेऱ्या थांबल्या.

हिशोबाची बाजू थोडी खोलात सांगतो कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. रेलबसला एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर पुरतो, सकाळी चालू केली की निघाली. वाफेच्या इंजिनाला थंड अवस्थेतून तयार व्हायला कित्येक तास लागतात, बॉयलर हळूहळूच तापवायला लागतो नाहीतर धातूवर ताण येतो, म्हणून रोज चालणारं इंजिन रात्रीही विझवत नाहीत, आग दाबून ठेवतात आणि कोणीतरी रात्रभर पाण्याची पातळी आणि प्रेशर बघत बसतो. सकाळी आग साफ करायची, राख पाडायची, तेल घालायचं. ठराविक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुवायचा, आणि काही वर्षांनी पूर्ण ओव्हरहॉल, बॉयलरची तपासणी आणि सर्टिफिकेट, त्याशिवाय एक पाऊल हलवता येत नाही. ह्यातला फार मोठा खर्च इंजिन दिवसातून दोनदा धावो की सहादा, जवळपास तेवढाच राहतो. म्हणून पैसे वाचवायला फेऱ्या कमी करणं हा वरवर शहाणपणाचा वाटणारा उपाय इथे उलटा पडतो, फेऱ्या कमी केल्या की प्रत्येक फेरीचा खर्च आणखी वाढतो, मग कोणीतरी तो आकडा दाखवून म्हणतो बघा किती महाग, आणखी कमी करा. वोल्श्तिनमध्ये वर्षानुवर्षं हेच होत आलं होतं. नव्वदीत बऱ्याच दिशांना जाणाऱ्या वाफेच्या गाड्या लाईनी बंद होत गेल्या तशा आटत गेल्या आणि शेवटी मोजक्या फेऱ्या उरल्या.

त्यात ओव्हरहॉलचा मोठा खर्च एकदम येतो. चार इंजिनांचे बॉयलर एका पाठोपाठ मुदत संपवायला लागले की शेड नुसती उभी राहते. एखाद्या वर्षी पैसे मिळाले नाहीत तर इंजिन बाजूला उभं राहतं, आणि बाजूला उभं राहिलेलं इंजिन परत उठवणं दरवर्षी अवघड होत जातं.

गावाची भूमिका काय होती? वोल्श्तिनमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला इंजिनांची परेड भरते, नव्वदच्या दशकापासून, जर्मनी, चेकिया, हंगेरी अशा देशांतूनही इंजिनं येतात आणि गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं जमतात. हॉटेलं भरतात, रस्ते तुडुंब. गावाला ह्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण एका दिवसाची गर्दी वर्षभराची शेड चालवत नाही. २०१४ ला वाफेच्या रोजच्या गाड्या बंद पडल्या तरी परेड होत राहिली, स्पेशल गाड्या अधूनमधून निघत राहिल्या, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला फार काही बिघडलंय असं वाटलंच नसतं. बिघडत होतं ते आतून. तरुण फायरमन रोजच्या गाडीवर शिकतो, चढ कुठे आहे, कुठे आधी आग वाढवायची, कुठल्या स्टेशनच्या आधी बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर लावायचा, ओल्या पानांवर चाकं कुठे घसरतात. हे वर्षातून दहा स्पेशल गाड्यांवर शिकता येत नाही. जुने ड्रायव्हर रिटायर होत होते. अशी आणखी तीन वर्षं गेली असती तर इंजिनं राहिली असती, ती चालवणारी माणसं राहिली नसती.

गाव पूर्णपणे रेल्वेवर जगतं असंही नाही, हे सांगायला हवं. वोल्श्तिनला तळी आहेत, उन्हाळ्यात पोहायला आणि होड्यांना लोक येतात, जुन्या लाकडी घरांचं आणि पवनचक्कीचं उघड्यावरचं म्युझियम आहे, शिल्पकार मार्चिन रोझेक ह्याने तीसच्या दशकात इथे घर बांधलं होतं ते आता म्युझियम आहे, तो १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये मेला. तेव्हा वाफ कायमची बंद झाली असती म्हणून वोल्श्तिन ओसाड पडलं नसतं, पूर्व पोलंडमधल्या वापे गावासारखं झालं नसतं, जिथे सगळं गावच रेल्वे वर्कशॉपभोवती वाढलं होतं आणि २००९ मध्ये वर्कशॉप दिवाळखोरीत गेल्यावर घराघरातल्या नोकऱ्या एकदम गेल्या. मला वाटतं वोल्श्तिनच्या लोकांना शेडसाठी भांडता आलं ते काही अंशी ह्यामुळेच, त्यांचं पोट पूर्णपणे तिच्यावर नव्हतं. आणि भांडणारे फक्त हौशी नव्हते, शेडमध्ये बाप-आजोबा काम केलेली माणसं होती, नगरपालिकेतले लोक होते.

उपाय निघाला तो कागदावरचा होता आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. २०१६ च्या सुमारास चार जण एकत्र आले: वियेल्कोपोल्स्का प्रांत, वोल्श्तिन जिल्हा, वोल्श्तिन नगरपालिका आणि पीकेपी कार्गो. चौघांनी मिळून शेडला एक सांस्कृतिक संस्था केलं, म्हणजे थिएटर किंवा सार्वजनिक म्युझियम जसं सरकारी अनुदानावर चालतं तशी, स्वतःचा डायरेक्टर, स्वतःचं बजेट. ह्या एका बदलाने प्रश्नच बदलला. आधी विचारलं जायचं की रेलबसपेक्षा वाफेची गाडी महाग का, आणि त्याचं उत्तर नेहमी वाफेच्या विरुद्धच जाणार. आता विचारलं जातं की प्रांताने ह्या वारशावर वर्षाला किती खर्च करायचा. फिलहार्मोनिकला, म्हणजे शहराच्या मोठ्या वाद्यवृंदाला, अनुदान देताना कोणी विचारत नाही की एवढे वाजवणारे कशाला, स्पीकरवर ऐकवा की.

१५ मे २०१७ पासून रोजच्या फेऱ्या परत सुरू झाल्या. सोमवार ते शुक्रवार वोल्श्तिन-लेश्नो आणि शनिवारी पोझनानला. निवड विचारपूर्वक होती असं मला वाटतं. पोझनानची लाईन मधल्या काळात सुधारली होती, तिथे रेलबस वेगात धावतात, वाफेची गाडी त्यांच्या मधे घुसवली की सगळ्यांचा वेग बिघडतो आणि रोज पोझनानला नोकरीला जाणारा वैतागतो. लेश्नोची लाईन पन्नास किलोमीटरच्या आतली, कमी गर्दीची, मधली स्टेशनं लहान, इंजिनाला एका टेंडरच्या पाण्यात जाऊन यायला जमेल असं अंतर. शनिवारी पोझनानला जायचं कारण उघड आहे, मोठ्या शहरातली पोरंबाळं असलेली कुटुंबं.

मला ह्या तोडग्यात एकच भीती वाटते. सांस्कृतिक संस्था झाली की हळूहळू सगळं लक्ष तिकिटवाल्या पाहुण्यांकडे, गाईडेड टूरकडे, मगवर छापलेल्या इंजिनाकडे जातं, ते होऊ नये. संस्थेच्या बजेटमध्ये जेव्हा कात्री लागेल, आणि कधीतरी लागेलच, तेव्हा पहिली जाईल ती मंगळवारची लेश्नोची गाडी, कारण तिच्यात पंधरा-वीस प्रवासी आणि त्यांना पुढे इंजिन कुठलं आहे ह्याच्याशी घेणंदेणं नाही. शनिवारची पोझनान गाडी आणि परेड शेवटपर्यंत टिकतील कारण त्यांचे फोटो निघतात. इंजिन दुरुस्तीला गेलं की त्या फेरीला डिझेल लावून वेळ भागवतात, ते ठीकच आहे, गाडी रद्द करण्यापेक्षा बरं. पण डिझेलची सवय लागली की वाफ परत लावायला कोणीतरी आग्रह धरावा लागतो.

म्हणून वोल्श्तिन कसं चाललंय हे बघायचं तर मी परेडची गर्दी बघणार नाही. दोन गोष्टी बघेन. वर्षातून किती कामाचे दिवस लेश्नोच्या फेरीला खरोखर वाफेचं इंजिन लागलं, आणि शेडमध्ये चाळिशीच्या आतले किती जण बॉयलर सांभाळायचं लायसन्स घेऊन कामावर आहेत. पहिला आकडा दुसऱ्याला पोसतो, कारण नवा फायरमन तयार होतो तो ह्या कामाच्या दिवसांवरच. चारही भागीदारांनी करारात प्रवाशांच्या संख्येऐवजी हे दोन आकडे लिहून घेतले तर पुढच्या कात्रीच्या वेळी मंगळवारची गाडी आपोआप पहिली निघणार नाही.